वाचकांचे प्रश्न : माल्ट भट्टीत जाण्याआधीची बोलणी

मागच्या अंकात मी बिअर आणि पाणी यांविषयी लिहिलं होतं. त्यात ओघात एक ओळ आली, की आम्ही आणि आमच्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) पुरवठादाराने मिळून एक बिअर केली. पाण्याबद्दल फारसं कोणी विचारलं नाही, बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आली. मी पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच करणाऱ्या पबमध्ये, ब्रूअर आहे. त्याआधी हरियाणातल्या एका माल्ट हाउसच्या प्रयोगशाळेत होते, म्हणजे गोणीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहे. त्यामुळे या वेळी इतर विषयांची पत्रं बाजूला ठेवते आणि याच प्रश्नांची उत्तरं देते.

ब्रूअर आणि माल्टवाला मिळून बिअर काढतात म्हणजे नेमकं काय करतात? वाणी आणि गृहिणी यांनी मिळून पुरणपोळी केली असं कोणी म्हणत नाही. डाळ विकणारा डाळ विकतो, पोळी करणारी पोळी करते. मग ही जाहिरातच नाही का? (एक वाचक, नाशिक)

बऱ्याचदा ती जाहिरातच असते. पुरवठादाराने यादीतला तयार माल्ट पाठवला, ब्रूअरने तो वापरला आणि फलकावर दोघांची नावं लागली, एवढंच घडलं असेल तर तुमचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे.

पण माल्ट ही डाळीसारखी शेतातून निवडून, पाखडून आलेली वस्तू नाही. शेतातून येते ती बार्ली, म्हणजे जव. तिचा माल्ट व्हायला आठवडाभर लागतो आणि त्या आठवड्यात घेतलेला प्रत्येक निर्णय पुढे ग्लासात उतरतो. आधी दाणे भिजवतात. सलग नाही, थोडा वेळ पाण्यात, मग पाणी काढून हवा द्यायची, मग पुन्हा पाणी. साधारण दोन दिवसांत दाण्यातली ओल १२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. मग चार-पाच दिवस १५ ते १८ अंशांच्या थंडाव्यात मोड येऊ देतात आणि दाणे सतत उलटत राहतात, नाहीतर मुळ्या एकमेकांत गुंततात आणि आतला ढीग तापतो. या काळात दाण्यात एन्झाइम, म्हणजे स्टार्चची साखर करणारी प्रथिनं, तयार होतात. स्टार्चभोवतीच्या पेशींच्या भिंती मोडतात आणि कडक दाणा भुसभुशीत होतो. सालीखालचा कोंब दाण्याच्या लांबीच्या पाऊण भागापर्यंत पोचला की माल्टस्टर, म्हणजे माल्ट करणारा, दाणा चिमटीत चुरून बघतो. पांढरं पीठ एकसारखं पसरलं तर काम झालं, मध्ये टणक कणी लागली तर अजून थांबायचं.

मग भट्टी. ८०-८५ अंशांवर वाळवणी संपवली तर फिका माल्ट मिळतो आणि एन्झाइम शाबूत राहतात. १००-१०५ अंशांपर्यंत नेली तर म्युनिक माल्ट होतो, रंग तांबूस येतो, चव खमंग होते, पण एन्झाइमचा बराच भाग जळतो. ओला माल्ट बंद ड्रममध्ये ६५-७० अंशांवर शिजवून मग भाजला तर दाण्याच्या आतच साखर होते आणि क्रिस्टल माल्ट तयार होतो. बार्ली तीच, नुसत्या ओल, वेळ आणि तापमान यांच्या हिशेबाने इतके वेगळे पदार्थ होतात. म्हणून माझं मत असं आहे, की ब्रूअरचं म्हणणं माल्ट भट्टीत जाण्याआधी पोचलं आणि त्यामुळे तिथे काही बदललं, तरच ती भागीदारी.

आता आमची बिअर. ज्या माल्ट हाउसकडून आम्ही रोजचा पायाचा माल्ट घेतो, तिथले मुख्य माल्टस्टर माझे जुने वरिष्ठ आहेत. मी त्यांना अजून सरच म्हणते. मला भारतीय बार्लीची, तांबूस रंगाची व्हिएन्ना धर्तीची लागर (थंड टाकीत मुरवलेली बिअर) करायची होती आणि त्यासाठी सगळा माल्ट ९० अंशांच्या वर भाजून हवा होता. सरांनी लॉटचा अहवाल पाठवला. प्रथिनं १२ टक्क्यांच्या वर होती. ब्रूअरला साडेनऊ ते साडेअकरा आवडतात. राजस्थान-हरियाणात बार्ली रब्बीत होते, नोव्हेंबरच्या सुमाराला पेरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कापतात. दाणा भरण्याच्या ऐन वेळी ऊन वाढलं की दाणा बारीक राहतो, त्यात स्टार्च कमी पडतं आणि प्रथिनांचं प्रमाण चढतं. अशा माल्टची बिअर गढूळ होते आणि किलोमागे साखरही कमी उतरते.

मी तो लॉट नको म्हणणार होते. सर म्हणाले, “प्रथिनं जास्त आहेत म्हणजे एन्झाइमही जास्त आहेत. त्यांना काम दे. न मोडवलेलं एखादं धान्य घाल, प्रथिनं आपोआप पातळ होतील.” ही युक्ती जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या ब्रूअरांना तिथली कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेली, जास्त प्रथिनांची बार्ली मिळाली आणि त्यांनी तिच्यात मका आणि तांदूळ घालून लागर स्वच्छ केली. आम्हाला मका नको होता. सोलापूरच्या आजोळामुळे माझ्या डोक्यात ज्वारी होती.

ज्वारीचा त्रास असा, की तिचं स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून ती वेगळी शिजवून घ्यावी लागते आणि ब्रूपबमध्ये वेगळं धान्य शिजवायला भांडं नसतं. त्यावर लाह्या हा उपाय निघाला. भट्टीत लाही फुटते तेव्हा स्टार्च फुललेलंच असतं, ती थेट मॅशमध्ये, म्हणजे दळलेल्या माल्टच्या आणि गरम पाण्याच्या मिश्रणात, घालता येते. नागपंचमीच्या सुमाराला पुण्याच्या बाजारात ताज्या लाह्यांचे ढीग लागतात. आणि श्रावणात आमच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे टाक्या रिकाम्या मिळतात. लाह्यावाल्या मामांना एवढ्या लाह्या एकदम कशाला हव्यात हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग मीठ-हळद न लावलेला, चाळून कणी काढलेला माल बाजूला ठेवायचं कबूल केलं.

लाह्या ठरल्यावर भट्टीचा बेतही बदलला. सगळा माल्ट जास्त भाजला असता तर लाह्यांचं स्टार्च मोडायला एन्झाइम उरले नसते. म्हणून सरांनी एकाच लॉटचे दोन भाग केले. मोठा भाग ८५ अंशांच्या आत फिका ठेवला, लहान भाग रंगासाठी म्युनिकसारखा वर नेला. मोड आणण्याचा काळ त्यांनी एका दिवसाने वाढवला आणि थंडावाही वाढवला, कारण बारीक दाण्यात पेशींच्या भिंती नीट मोडल्या नाहीत तर वर्ट, म्हणजे मॅशमधून निघणारा गोड रस, चिकट होतो आणि गाळताना अडतो. माझ्याकडचा बदल दळणात होता. लाह्यांना साल नसते. मॅश गाळली जाते ती बार्लीच्या सालींच्या थरातून, त्यामुळे साल जितकी अखंड तितकं बरं. सरांच्या सांगण्यावरून दळण्याआधी माल्टवर थोडं पाणी शिंपडलं. साल लवचीक झाली, आत पीठ आणि बाहेर जवळजवळ अख्खी साल असं दळण निघालं. मॅश ५२ अंशांवर थोडा वेळ, मग ६३ वर बराच वेळ, मग ७२ वर. लाह्या वर तरंगतात, त्या वल्ह्याने दाबत राहाव्या लागतात. ते काम आमच्या सहायकाने न थांबता केलं.

एक अडचण सांगायलाच हवी, कारण छोट्या ब्रूअरांची गाडी तिथेच अडते. हजार लिटर बिअरला साधारण २०० किलो धान्य लागतं. मोठ्या माल्ट हाउसची एक बॅच शंभर-दोनशे टनांची असू शकते. माझ्या १६० किलो माल्टसाठी कोणी एवढी यंत्रणा हलवणार नाही. नवी वाणं तपासायला माल्ट हाउसमध्ये एक छोटा ड्रम असतो, त्यात आमचा माल्ट झाला. माल्ट हाउसला त्यातून काय मिळालं? जास्त प्रथिनांचा लॉट खऱ्या बिअरमध्ये कसा वागतो याची नोंद मिळाली. गाळायला किती वेळ लागला, साखर किती उतरली, यीस्टने त्यातली किती संपवली, महिन्याने बिअर किती निवळली, हे सगळं मी त्यांना लिहून पाठवलं. असे आकडे प्रयोगशाळेतल्या छोट्या मॅशमधून पूर्ण कळत नाहीत.

नागपंचमीच्या आठवड्यात केलेली लागर थंड टाकीत मुरत राहिली आणि अनंत चतुर्दशी उलटल्यावर नळावर आली. फिकट तांबूस रंग, स्वच्छ, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा मागे आणि घोट गेल्यावर भाजल्या ज्वारीचा वास. फलकावर ब्रूपबच्या शेजारी माल्ट हाउसचं नाव लिहिलं आणि त्याखाली लाह्या कुठून आणल्या तेही. तुम्ही म्हणता तसा माल्टवाला फक्त वाणी असता, तर ही बिअर पिवळी, गढूळ आणि बिनज्वारीची झाली असती.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. टी-टेस्ट एका बिअर कंपनीतल्या माणसाने काढली एवढं विद्यार्थ्यांना सांगते. त्याचा माल्टशी काही संबंध होता का? (एक प्राध्यापिका, सांगली)

ताई, हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. संबंध होता आणि तो थेट एका माल्टस्टरशी होता.

विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेसमध्ये ब्रूअर म्हणून लागले. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकलेले होते. गिनेसला तेव्हा बार्ली, माल्ट आणि हॉप्स यांचं शास्त्र पक्कं करायचं होतं. पण माल्टच्या नमुन्यातून अर्क किती उतरतो याची मोजमापं चार-पाचच असायची आणि शेतातल्या चाचण्याही मोजक्याच. मोठ्या संख्येवर बेतलेली गणितं तिथे लागू पडत नव्हती. इतक्या थोड्या नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलता येईल, हा गॉसेट यांचा रोजच्या कामातला प्रश्न होता. त्याचं उत्तर, म्हणजे पुढे टी-टेस्ट म्हणून ओळखली गेलेली पद्धत, त्यांनी १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’त ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं, कारण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे. पुढचं तुम्ही वर्गात शिकवताच.

आता दुसरा माणूस. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या वॉर्मिन्स्टर गावी एडविन स्लोपर बीव्हन नावाचे माल्टस्टर होते, जन्म १८५७ चा, गॉसेट यांच्यापेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठे. माल्ट करता करता त्यांनी शेतात वाणांच्या चाचण्या सुरू केल्या. माल्टस्टरला बार्ली विकत घ्यावी लागते, त्यामुळे दोन वाणांतलं खरंच चांगलं कोणतं हे कळणं त्यांच्या धंद्याला हवंच होतं. गॉसेट आणि बीव्हन यांचा या चाचण्यांवरून वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. ब्रूअरकडे गणित होतं, माल्टस्टरकडे शेत आणि बोटांतली पारख.

बीव्हन यांची पद्धत तुमच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. पेरणीयंत्राच्या अर्ध्या भागात एक वाण आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरं भरायचं. यंत्र शेतभर जाऊन-येऊन फिरलं की दोन्ही वाणांचे पट्टे एकमेकांना खेटून येतात. जमीन एका टोकाला कसदार आणि दुसऱ्या टोकाला हलकी असली तरी शेजारच्या पट्ट्यांना ती जवळपास सारखीच मिळते. मग प्रत्येक जोडीतला फरक घ्यायचा आणि त्या फरकांवर टी-टेस्ट लावायची. तुमच्या पुस्तकातली जोडीची टी-टेस्ट इथे ढेकळांत उभी आहे. पट्टे असे ठरवून लावावेत की चिठ्ठ्या टाकून, यावर गॉसेट यांचा १९३० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनल्ड फिशर यांच्याशी मोठा वाद झाला. संख्याशास्त्राने पुढे बहुतांशी फिशर यांची बाजू घेतली. पण शेतात उभं राहून विचार केला तर मला गॉसेट आणि बीव्हन यांचं म्हणणं अजूनही पटतं. जमीन कुठे बदलते हे डोळ्यांना दिसत असताना ते नशिबावर का सोडायचं?

या कामातून बीव्हन यांनी १९०५ मध्ये केलेल्या संकरातून प्लमेज-आर्चर हे वाण आलं. पुढे त्याच्या संकरातून प्रॉक्टर आणि प्रॉक्टरच्या संकरातून केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत १९६० च्या दशकात मारिस ऑटर झालं. आज इंग्लिश धाटणीची पेल एल बिअर करणारा कोणताही ब्रूअर हे नाव आदराने घेतो. आमच्याकडेही त्याच्या २५ किलोच्या गोण्या येतात आणि गोणी उघडली की मी चार दाणे तोंडात टाकतेच. पण हे वाणही मरायला टेकलं होतं. नवी वाणं एकरी जास्त उतारा द्यायला लागली आणि १९८९ मध्ये मारिस ऑटर शिफारशीच्या यादीतून गेलं. नंतर धान्याच्या दोन व्यापारी पेढ्यांनी शेतकऱ्यांशी करार करून ते पेरत ठेवलं, कारण ब्रूअर त्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार होते. वॉर्मिन्स्टरचं बीव्हन यांचं माल्ट हाउसही बंद होता होता वाचलं. तिथे अजून दाणे जमिनीवर पसरून, फावड्याने उलटून माल्ट करतात.

असंच दुसरं उदाहरण शेव्हालिए वाणाचं. १८२० च्या दशकात सफकमधून ते पसरलं, जवळजवळ शतकभर इंग्लंडच्या बिअरवर राज्य केलं आणि मग शेतांतून गेलं. नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी बियाण्याच्या संग्रहातल्या दाण्यांपासून ते पुन्हा वाढवलं, क्रिस्प या माल्ट कंपनीने त्याचा माल्ट केला आणि ब्रूअरांनी त्याच्या बिअर काढल्या. तीनही हात लागले म्हणूनच ते जमलं.

आमच्याकडे मालदांडी ज्वारी होते. बिअरवाले ज्वारी घेतात असं ऐकलं. ज्वारीच्या माल्टला गिऱ्हाईक मिळेल का? की जवच लावून बघावा? (एक शेतकरी, मंगळवेढा तालुका)

आधी जवाचं सांगते. माल्टसाठी म्हणून लावू नका. पाणी गव्हापेक्षा कमी लागतं हे खरं, पण आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन चढतं, दाणा बारीक राहील आणि प्रथिनं वाढतील. माल्ट हाउसं बहुतेक उत्तरेत. तिथवर गाडीभाडं देऊन तुमचा माल राजस्थानच्या मालाशी दरात टिकणार नाही. कर्नालच्या गहू आणि जव संशोधन संस्थेने माल्टसाठी काढलेली डीडब्ल्यूआरबी १२३ सारखी वाणं उत्तरेच्या थंडीसाठी आहेत. कोणी बियाणं विकायला आलं आणि माल आम्हीच उचलू म्हणालं, तर दर, प्रथिनांची मर्यादा आणि माल नाकारला तर काय, हे तिन्ही कागदावर आल्याशिवाय एक एकरही पेरू नका.

ज्वारीची गोष्ट वेगळी आहे. जगात ज्वारीची बिअर नवी नाही. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची आंबूस, दाट उमकोम्बोथी पिढ्यान्‌पिढ्या करतात. नायजेरियाने १९८८ पासून बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आणली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीकडे वळावं लागलं आणि त्यांनी ते करून दाखवलं. म्हणजे होतं. पण ज्वारीच्या माल्टमध्ये साखर करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम फार कमी असतं आणि जिथे तिचं स्टार्च फुलतं त्या तापमानाला आहे तेही मरतं. त्यामुळे बाहेरून एन्झाइम घालावे लागतात किंवा बार्लीची साथ घ्यावी लागते.

आणि एक धोका आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच विष मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत आणि मुळ्यांत तयार होतं. ज्वारीचा माल्ट करणाऱ्याला मोड वाळवून, चोळून पूर्ण काढावेच लागतात. घरी किंवा गटाने हा प्रयोग करणार असाल तर एखाद्या कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र विभागाकडून तपासणी करून घेतल्याशिवाय कोणाच्या तोंडी देऊ नका.

गिऱ्हाइकाचं खरं चित्र असं. आमच्या एका ब्रूला ४० किलो लाह्या लागल्या. महाराष्ट्रातल्या सगळ्या ब्रूपबनी वर्षातून चार वेळा अशी बिअर केली तरी तुमच्या तालुक्याची ज्वारी त्यात संपणार नाही. बाजारभाव उचलला जाईल एवढी ही मागणी नाही. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. फलकावर गावाचं नाव लिहायचं असेल तर ब्रूअर नेहमीच्या दरापेक्षा जास्त द्यायला तयार होतो, मी तयार आहे. लाह्यांना कडक दाण्याची ज्वारी लागते, मालदांडी त्यासाठी तितकी चांगली फुटत नाही. तिचे पोहे करून मिळाले तर आम्हाला चालतील. वाफवून दाबताना स्टार्च फुलतं, काम तेच होतं. तुमच्या भागात ज्वारीचे पोहे करणारा बचत गट असेल तर मासिकाच्या पत्त्यावर एक किलोचा नमुना पाठवा. दाणा कोणत्या महिन्यात काढला ते पाकिटावर लिहा आणि चाळून पाठवा.

मी नातवासाठी नाचणीचं सत्त्व घरी करते. भिजवून, मोड आणून, वाळवून. म्हणजे तो माल्टच ना? त्याची घरी बिअर होईल का? (एक वाचक, ठाणे)

हो काकू, तुम्ही करता तो माल्टच. नाचणी मोड आणायला फार गुणी आहे. ज्वारीपेक्षा तिच्यात साखर करणारे एन्झाइम चांगले होतात. मोडाच्या पिठाची पेज पातळ होते आणि बाळाला पचते, ती त्याच एन्झाइममुळे.

बिअर मात्र घरी करू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते एक बाटली का असेना. हौस भागवायची तर आंबील आहेच आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येत असणार.

हल्ली प्रत्येक ब्रूपबच्या फलकावर ‘कोलॅब’ लिहिलेलं असतं. खरी भागीदारी कोणती हे ग्राहकाने कसं ओळखायचं? (एक वाचक, डोंबिवली)

विचारा. ब्रूअरला अशा प्रश्नांचा राग येत नाही, उलट हात पुसून बाहेर येतो आणि मग लवकर आत जात नाही. हा माल्ट या बिअरसाठी केला की यादीतून निवडला? कोणत्या हंगामाची बार्ली? माल्टवाल्याच्या सांगण्यावरून तुमच्या कृतीत काय बदललं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठोस आलं, म्हणजे अमुक तापमान, अमुक दळण, अमुक प्रमाण, तर समजा दोघं खरंच बोलले आहेत. ‘आमचे संबंध फार चांगले आहेत’ असं उत्तर आलं तर बिअर चांगली असेलही, पण भागीदारी फलकापुरतीच आहे.

यादीतून निवडलेला माल्ट कमी प्रतीचा असतो असं मात्र समजू नका. जर्मनीतल्या बांबर्गचा, बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला माल्ट पुण्यात कोणाला करता येणार? तो गोणीतूनच येतो आणि त्याची बिअर मी आनंदाने करते.

माझं एक जुनं गाऱ्हाणं इथे लिहून ठेवते. फलकावर हॉप्सची नावं नेहमी असतात. सिट्रा, मोझेइक, साझ, लोकांना ती पाठ आहेत. शंभर लिटर बिअरमध्ये हॉप्स काही शे ग्रॅम पडतात आणि माल्ट १८-२० किलो. रंग, अंग, फेस आणि अल्कोहोल हे सगळं मुख्यतः माल्टचं. तरी माल्ट कोणी केला आणि बार्ली कुठल्या शेतातली, हे कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही ग्राहकांनी विचारायला सुरुवात केलीत तर ब्रूपबवाले लिहायला लागतील. आमच्याकडे आता प्रत्येक नळाच्या पाटीवर माल्ट हाउस आणि पिकाचं वर्ष असतं.

यंदाच्या मार्चमधल्या पिकाचे नमुने परवा आले. थंडी लांबली, दाणा टपोरा आहे, प्रथिनं साडेदहाच्या आसपास भरली. बार्ली चांगली आहे, पण प्रथिनं कमी म्हणजे एन्झाइमही कमी, त्यामुळे लाह्यांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागणार. सरांचं म्हणणं, लाह्या निम्म्यावर आणा. मला त्या तेवढ्याच ठेवून भट्टीतला जास्त भाजायचा लहान भाग आणखी लहान करायचा आहे. मोड आणायला अजून वेळ आहे, फोन चालू आहेत.